आपे रिक्षातून आलेला शाळेचा सिनेमा

आधी पैशांचं सांगते, कारण स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच येतो. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे एक चाचा शाळेत येऊन जुन्या शाळेच्या फिल्म दाखवतात. त्यांचे अर्ध्या दिवसाचे अडीच हजार, आणि मानवतहून सेलूपर्यंतचं आपेचं भाडं वेगळं. एवढ्यात चाचा १६ मिलिमीटर रुंद फिल्मचं प्रोजेक्टर मशीन, भोंगा, पडदा आणि ट्रंकभर फिल्मचे डबे घेऊन येतात, दुपारच्या सुट्टीपर्यंत चार-पाच फिल्म दाखवतात आणि निघताना मशीन पुसून, चादरीत गुंडाळून आधी ते चढवतात, मग स्वतः बसतात. पावती मिळत नाही. ऑडिटच्या वेळी हे कुठल्या खात्यात टाकायचं, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न. त्यांनी तो हसत हसत घेतला, हे त्यांचे उपकार.

चाचांचं नाव-नंबर इथं देत नाही, त्यांनीच नको म्हणलंय. मानवतच्या मोंढ्याकडं कुणालाही “मशीनवाले चाचा” म्हणून विचारा, सापडतात. उमेदीच्या काळात जत्रांमधून टुरिंग टॉकीजच्या मशीनवर होते. तंबू उठले, तसे पंखे-मोटारी रिवाइंडिंग करायला लागले. पुढं कुठल्याशा बंद पडलेल्या अध्यापक विद्यालयाचं भंगार निघालं, त्यात हे मशीन आणि डबे किलोच्या भावात मिळाले. डब्यांत काय आहे हे घरी लावून बघेपर्यंत त्यांनाही माहीत नव्हतं. निघाल्या सगळ्या शाळेच्या फिल्म: बी कसं रुजतं, हिवताप कसा होतो, पाणी का उकळावं, नाणी कशी बदलली. ना हिरो, ना गाणी. त्यातल्या बऱ्याच फिल्म्स डिव्हिजनच्या. हे सरकारी खातं १९४८ साली सुरू झालं आणि २०२२ साली एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झालं. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी जे डॉक्युमेंटरीचं तुकडं सक्तीनं दाखवायचे आणि पब्लिक तेवढ्या वेळात शेंगा घेऊन यायचं, ते यांचंच.

मी सेलूला आठवी-नववीला विज्ञान आणि गणित शिकवते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, दरवर्षी आमच्याकडं खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी आणि सी. व्ही. रामन यांची रांगोळी ठरलेली. यंदा ज्वालामुखीला सुट्टी दिली.

आता मुद्द्याचं. ही सेवा घ्यावी का? घ्यावी. पण सिलॅबस संपवायचा म्हणून घेऊ नये, आणि लेकरांना अंधारात बसवून आपण रजिस्टर पूर्ण करू या हेतूनं तर मुळीच घेऊ नये. का ते सांगते.

सगळ्यात आधी अंधाराची पंचाईत. आमच्या हॉलला पूर्वेकडून इतक्या खिडक्या, की ज्यानं बांधला त्याला कधी सिनेमा दाखवायचा नव्हता हे उघड आहे. मोंढ्यातून ताडपत्र्या आणल्या, तरी फटीतून ऊन येतंच. चाचा दारात उभे राहून एकच वाक्य म्हणत होते, “मॅडम, पहले अंधेरा करो, फिर बात करो.” शेवटी शिपाईमामांनी घरून तळवट आणला, तेव्हा कुठं जमलं. तुम्ही बोलावणार असाल तर आदल्या दिवशीच हे उरका.

मग मशीन उघडलं, आणि इथंच मला माझे निम्मे पैसे वसूल झाले. चाचांनी ट्रंकेतून एक तुटका तुकडा काढून पहिल्या ओळीतल्या पोरीच्या हातात दिला. उजेडाकडं धरून बघ म्हणाले. सगळ्या रांगेतून तो फिरला. एका कडेला भोकं, मध्ये बारकी बारकी चित्रं, दुसऱ्या कडेला एक नागमोडी रेघ. पोरांनी पट्टी लावून मोजलं. एका फुटात ४० चित्रं. पडद्यावर सेकंदाला २४ जातात. डब्यात रीळ ४०० फुटांचं. म्हणजे १६,००० चित्रं, भागिले २४, म्हणजे ६६६ सेकंद, म्हणजे अकरा मिनिटं आणि थोडं वर. शाळेच्या जुन्या फिल्म दहा-अकरा मिनिटांच्याच का असतात, याचं उत्तर नववीच्या पोरांनी फळ्यावर काढलं. विषय कितीही मोठा असो, मलेरिया असो की सूर्यमाला, एका रिळात बसवायचा. मावत नाही ते सोडून द्यायचं.

नागमोडी रेघ म्हणजे आवाज, हे काही केल्या पटेना. चाचांनी मशीनच्या पोटातला छोटा दिवा दाखवला. त्याचा उजेड त्या रेघेतून आरपार जातो, रेघ जाड-बारीक होईल तसा कमी-जास्त होतो, आणि पलीकडचा फोटोसेल त्याची वीज करतो. ती पुढं भोंग्याला जाते. ध्वनीच्या धड्यातली तरंगाची आकृती मी एरवी फळ्यावर काढते आणि पोरं ती वहीत उतरवतात. इथं ती खरीखुरी हातात होती.

अजून एक गंमत. जे चित्र पडद्यावर दिसतं, त्याचा आवाज रिळावर त्या चित्राच्या शेजारी नसतो, २६ चित्रं पुढं असतो. कारण चित्राला भिंगासमोर क्षणभर थांबावं लागतं, झटक्या-झटक्यानं पुढं जावं लागतं. आवाजाला मात्र एकसारखी चाल लागते, नाहीतर बोलणारा तोतरा होतो. म्हणून दोघांच्या जागा वेगळ्या, आणि मधे फिल्मचा एक सैल वेढा सोडलेला. चाचांनी मुद्दाम वेढा कमी-जास्त करून दाखवला. माणसाचे ओठ हलून गेल्यावर मागून आवाज यायला लागला आणि हॉल हसून लोळला. सातवीच्या एका पोरानं विचारलं, “चाचा, मोबाईलमध्ये बी असंच असतं का?” चाचा म्हणाले, “उसका मेरेको मत पूछ बेटा, उसको खोलने को नहीं आता.”

हे मशीन शाळेत शिरलं ते सुरक्षित होतं म्हणून. थिएटरातली जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असायची, भपकन पेटायची. कोडॅकनं १९२३ साली १६ मिलिमीटर काढलं ते पहिल्यापासून न भडकणाऱ्या ॲसिटेटवर. त्यामुळं वर्गात, गावच्या चावडीत, प्रचाराच्या गाडीतून, कुठंही लावता यायचं. ॲसिटेटचा रोग वेगळा: ते कुजतं. चाचांच्या ट्रंकेतला एक डबा उघडला तर थेट व्हिनेगरचा भपकारा. ज्या डब्याला असा वास येतो तो बाकीच्यांपासून लांब ठेवावा लागतो, कारण वाफेनं शेजारचे डबेही धरतात. चाचांना हे कुणी शिकवलेलं नाही. तरी त्यांनी तो डबा निराळ्या पिशवीत घातलेला होता.

आता फिल्म.

घेवड्याचं बी रुजण्याची फिल्म पहिली लावली. रंगीत होती म्हणे. आता सगळी गुलाबी झाली आहे, पान गुलाबी, माती गुलाबी. निळसर रंग सगळ्यात आधी उडतो आणि तांबडा मागं राहतो, म्हणून जुन्या रंगीत फिल्म अशा दिसतात. पण काय बघितलं म्हणून सांगू! बी फुगतं, साल तडकते, मूळ खाली वळतं, मग कोंब मान वाकवून माती फोडतो आणि वर आल्यावर सरळ होतो. यावर कॉमेंट्री अगदी कमी, जवळजवळ मिनिटभर नुसतं बघायचं. दर पंधरा मिनिटांनी एक चित्र घेतलं तर दिवसाची ९६ चित्रं, पडद्यावर चार सेकंद. आठ-दहा दिवसांचं रुजणं अर्ध्या-पाऊण मिनिटात. मग चाचांनी मशीन उलटं फिरवलं. झाड मातीत गेलं, मूळ बीत गेलं, बी गप्प झालं. पोरांनी हे तीनदा लावायला लावलं. माझ्या वीसेक वर्षांच्या नोकरीत बीजांकुरणाला वन्स मोअर मिळालेला मी बघितला नव्हता.

दुसरी नारूवर. विशीतल्या वाचकांना नारू हा शब्दच माहीत नसेल. आपल्या भागात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. पायातून निघणारा जवळजवळ मीटरभर लांब जंत. त्याच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारक्या किड्यात वाढतात. नारू झालेला माणूस बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, पाय पाण्यात बुडतो, अळ्या पाण्यात जातात, आणि तेच पाणी गाव पितं. फिल्ममध्ये एक बाई घागरीवर दुहेरी फडकं धरून पाणी गाळते, हे चांगलं चार-पाच वेळा येतं. कॉमेंट्री खर्जातल्या आवाजात, प्रत्येक शब्द तोलून, शंकेला जागा नाही. आणि बारव म्हणजे खलनायक: कॅमेरा पायऱ्यांवरून खाली असा उतरतो की भीती वाटावी. आता महाशिवरात्रीला आपण त्याच बारवांत पणत्या लावतो आणि फोटो टाकतो.

फिल्म संपली, दिवे लागले. मी विचारलं, कुणाच्या घरी कुणाला झाला होता का? पोरं गप्प. मागच्या दारातून शिपाईमामा पुढं आले. पॅन्टचा पाय वर केला. घोट्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, जुन्या चवलीच्या नाण्याएवढा गुळगुळीत, पांढुरका डाग. म्हणाले, “काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा वढायचे माय. तुटला की मेलो. आजीनं काढला.” शंभर-सव्वाशे पोरं एका घोट्याकडं बघत होती. मग मी उरलेलं सांगितलं, जे फिल्मला माहीत असणं शक्य नव्हतं: या रोगावर ना लस, ना गोळी. पाणी गाळून आणि पाण्यात उतरणं बंद करूनच तो हटवला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशाला नारूमुक्त म्हणून दाखला दिला. फडकंवाली बाई जिंकली.

तिसरी हिवतापाची, आणि ही मात्र बढाईखोर. फवारणीवाले डीडीटी घेऊन घरात शिरतात, पाळण्यातलं लेकरू तिथंच, भिंती पांढऱ्या होतात, बँड वाजतो, मलेरिया गेला! बरं, तेव्हाच्या माणसाला तसं वाटणं चूक नव्हतं. १९५३ साली मोहीम सुरू झाली त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटींच्या घरात रुग्ण होते. १९६५पर्यंत ते लाखभरावर आले. फिल्म तिथंच टाळ्या घेऊन संपते. मी फळ्यावर पुढचा आकडा लिहिला: १९७६, ६४ लाख. आणि विचारलं, काय झालं असेल? दहा मिनिटं नुसता गोंधळ. डास हुशार झाले, एक जण. पैसे संपले, दुसरा. औषधात पाणी घातलं, तिसरा, आणि यावर जास्त टाळ्या पडल्या. डासांमध्ये डीडीटी पचवायची ताकद आली, मोहीम ढिली पडली, हे दोन्ही त्यात आलं.

मला या फिल्म का आवडल्या ते मला या तिसऱ्या फिल्मच्या वेळी कळलं. चाचांच्या एका डब्याच्या झाकणात आतून एक पिवळं पडलेलं पत्रक चिकटलेलं होतं. वर मथळा, ‘फिल्म दाखवण्यापूर्वी’. खाली दुसरा, ‘फिल्म दाखवल्यानंतर’. दोन्हीखाली शिक्षकानं काय विचारावं याचे प्रश्न. म्हणजे ही अकरा मिनिटं कधीच पूर्ण धडा नव्हती. ज्यांनी ती केली त्यांनी धरून चाललेलं होतं की वर्गात एक मास्तर किंवा बाई उभी आहे, ती आधी काहीतरी म्हणणार आणि नंतर काहीतरी विचारणार. आता शाळेत स्मार्ट टीव्ही आहे. त्यातला व्हिडिओ चकचकीत असतो, अचूकही असतो, पण तो शेवटी ‘लाईक करा’ म्हणेपर्यंत बोलतच राहतो आणि मला काही काम ठेवत नाही. मी बाजूला रिमोट धरून उभी. त्या दिवशी मी घसा बसेपर्यंत बोलले.

चौथी फिल्म नव्या पैशांची. १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे. फिल्म साधी, एक भाजीवाली आणि एक गोंधळलेले गृहस्थ. पण आम्ही शाळेतले जुने, निवृत्त गुरुजी पाहुणे म्हणून बोलावले होते. ते उठले आणि म्हणाले, “हे मुंबईवाल्यांचं झालं. आपलं आणखी होतं.” मग त्यांनी हाली शिक्का सांगितला. निजामाचा रुपया वेगळा, हिंदुस्थानचा कलदार वेगळा, आणि सात हालीचे सहा कलदार. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसानं आधी हाली सोडून कलदार शिकायचा आणि तो अंगवळणी पडेस्तोवर आणे सोडून नवे पैसे. पोरांनी लगेच त्रैराशिक मांडलं: एका हालीचे ८५.७ नवे पैसे. गुरुजी म्हणाले, बाजारात असलं दशांश चालत नव्हतं, दुकानदार म्हणेल तो भाव.

आता तक्रारी, कारण अडीच हजार घेतल्यावर त्याही ऐकल्या पाहिजेत. एक तर भोंगा. हॉलमध्ये मागं बसलेल्यांना निम्मी कॉमेंट्री कळलीच नाही. आणि बहुतेक फिल्म हिंदीत आहेत, तीही आकाशवाणीच्या बातम्यांची हिंदी. पाचवीच्या लेकरांना ‘रोगाणु’ आणि ‘अंकुरण’ मला खालून ओरडून सांगावं लागलं. यादी आधी देत नाहीत. “जो निकलेगा वो निकलेगा” हे धोरण. त्यामुळं पाचवी फिल्म आदर्श गृहिणीवर निघाली, जिच्यात सगळं घर जेवून उठल्यावर आई हसत हसत उरलेलं खाते आणि कॉमेंट्रीवाला तिचं कौतुक करतो. दोन मिनिटांत मी ती बंद करायला लावली. आठवीच्या पोरींनी मात्र ती पूर्ण बघायची म्हणून धरणं धरलं, त्यांना त्या आईला काय काय सुनवायचं होतं. शेवटी दाखवली. दाखवली ते बरं झालं, पण आधी कळलं असतं तर तयारी करून बसले असते.

दोनदा फिल्म तुटली. हा दोष मी धरत नाही. चाचा मिनिटभरात टेप लावून जोडतात आणि जोडताना पोरांना जवळ बोलावतात. वीज गेली तेव्हा मात्र खोळंबा झाला, शाळेच्या इन्व्हर्टरनं त्या बल्बपुढं हात टेकले. जनरेटरची सोय बघून ठेवा.

सगळे शिक्षक एकच फर्माईश करतात, ‘एक अनेक और एकता’ आहे का? नाही. १९७४ची ती चिमण्यांची कार्टून फिल्म चाचांकडं नाही, आणि प्रत्येक शाळेत हा प्रश्न ऐकून ते आता चिडतात. ती विजया मुळे यांची, हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तर तिघींना खरं वाटेना. एवढी देशभर पाठ झालेली गोष्ट एका मराठी बाईंची! उपग्रहावरून खेड्यातल्या टीव्हीवर कार्यक्रम दाखवायचा जो साईटचा प्रयोग १९७५-७६ साली झाला, त्यातल्या शाळेच्या कार्यक्रमांच्या कामातही त्या होत्या. त्या प्रयोगात कर्नाटकातल्या गुलबर्गा जिल्ह्याचा नंबर लागला, सीमेच्या अलीकडं आपल्याकडं मात्र एकही गाव नव्हतं. हे वाचून मला उगीच राग आला होता. आमच्या वाट्याला पुढं शाळेचे टीव्ही कार्यक्रम करणारी पुण्याची बालचित्रवाणी आली, १९८४ साली. तीही २०१७ला बंद केली.

चाचा परवडत नसतील किंवा लांब पडत असतील तर फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी जुन्या फिल्म यूट्यूबवर फुकट आहेत. याच घराण्यातल्या अमेरिकन फिल्म हव्या असतील तर इंटरनेट आर्काइव्हवर प्रेलिंगर संग्रह बघा. रिक प्रेलिंगर या गृहस्थानं शाळा-कंपन्यांनी टाकून दिलेल्या फिल्म १९८०च्या दशकात गोळा करायला सुरुवात केली. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो साठा घेतला, आणि त्यातल्या हजारो फिल्म कुणालाही उतरवून घेता येतात. इलिनॉयच्या कोरोनेट कंपनीच्या शिष्टाचाराच्या फिल्म नववीला जरूर दाखवा. टाय लावलेला पोरगा आईला खुर्ची ओढून देतो, हे बघून आमची पोरं कोसळली. अणुबाँब पडला तर बाकाखाली दडा असं सांगणारं कासवही तिथंच भेटतं. ते पोरांना हसू आणतं आणि थोड्या वेळानं आणत नाही. यात फक्त मशीनची खडखड मिळणार नाही, आणि तुकडा हातात घेऊन मोजता येणार नाही.

बोलावणारच असाल तर: पाचवी ते सातवी आणि आठवी-नववी वेगळी बसवा. तीनपेक्षा जास्त फिल्म घेऊ नका, दोन फिल्मच्या मधे किमान पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. बी रुजण्याची आणि नारूची मागून घ्या, गृहिणीची घ्यायची की नाही ते तुमच्या मुख्याध्यापकांचा रक्तदाब बघून ठरवा. मशीन खिडकीजवळ लावू देऊ नका, धूळ जाते. लग्नसराईत चाचा मिळत नाहीत, तेव्हा ते पुतण्याच्या मंडपाच्या कामावर असतात. आणि चहा बिनसाखरेचा.